टाचा उचलणाऱ्या पैलवानाचा स्क्वॉट

वय २०, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७२.८ किलो. अकराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीत कुस्ती. उजवा खांदा दोनदा निखळल्यावर कुस्ती सुटली, कॉलेजसाठी शहरात आला आणि जिममधल्या मित्रांच्या नादानं पॉवरलिफ्टिंगला लागला. जिममध्ये त्याच्या नावावर १८० किलोचा स्क्वॉट (रॉड पाठीवर घेऊन खाली बसून उठणं) होता. पहिल्याच स्पर्धेत, ज्युनिअर ७४ किलो गटात, त्यानं १६५ पासून सुरुवात केली आणि १६५ वरच संपला. तिन्ही वेळा वजन घेऊन उठला, तिन्ही वेळा लाल दिवे लागले. कारण एकच होतं, खोली कमी, म्हणजे तो पुरेसा खाली बसत नव्हता. स्क्वॉटचा एकही प्रयत्न मान्य झाला नाही की बेंच (निजून छातीवरून वजन ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) कितीही चांगले निघाले तरी एकूण बेरीज लागत नाही. निकालपत्रकात त्याच्या नावापुढे क्रमांकाची जागा रिकामी राहिली.

आमच्याकडे आला तेव्हा त्याला चार जणांनी चार कारणं सांगून झाली होती. ट्रेनरचं म्हणणं, पायात जोर कमी पडतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंचं म्हणणं, घोटे आखडलेत. सप्लिमेंटच्या दुकानदारानं त्याला गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा दिला. मित्रानं जाड नी-स्लीव्ह, म्हणजे गुडघ्यावर चढवायचे घट्ट मोजे, घ्यायला लावले. तो कुठला रॉड उचलतो, पायात काय घालतो आणि खाली जाताना त्याच्या टाचांचं काय होतं, हे चौघांपैकी एकानंही बघितलं नव्हतं.

हे प्रकरण मी त्याच्या परवानगीनं, नाव न देता लिहितोय. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागातून बारबेलकडे येणारी बरीच पोरं तालमीतून येतात. त्यांच्या पायात जोर असतो, खाली बसायची सवय असते, मेहनतीची भीती नसते. तरीही बारखाली, म्हणजे वजनाच्या रॉडखाली, ती अर्ध्यावर थांबतात, आणि मग त्यांना जोर वाढवायचे उपाय विकले जातात. या मुलाच्या बाबतीत ते का चुकीचं होतं, हे तपशिलात बघण्यासारखं आहे.

पंच काय बघतात

जिममध्ये ‘मांडी जमिनीला समांतर आली की झालं’ असं सर्रास सांगतात. आयपीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचा, नियम त्याहून कडक आहे. खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा जो वरचा पृष्ठभाग असतो, तो गुडघ्याच्या सर्वांत वरच्या भागापेक्षा खाली गेला पाहिजे. बरोबरीला आला तरी चालत नाही. तीन पंच असतात, एक समोर आणि दोन बाजूंना. तिघांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तर प्रयत्न मान्य. ‘स्क्वॉट’ असा इशारा मिळाल्याशिवाय खाली जायचं नाही आणि ‘रॅक’ म्हटल्याशिवाय रॉड ठेवायचा नाही. खोली प्रामुख्यानं बाजूचे पंच बघतात, कारण समोरून खुबा आणि गुडघा यांची उंची नीट कळतच नाही.

मुलाचा प्रामाणिक गैरसमज इथेच झाला होता. त्यानं मला जिममधले व्हिडिओ दाखवले. त्यात तो खरोखर खोल बसल्यासारखा दिसत होता. सगळे व्हिडिओ एकाच पद्धतीनं काढलेले: मोबाइल जमिनीवर, एका प्लेटला टेकवून, समोरून थोडा तिरका. कॅमेरा जमिनीलगत असला की त्याच्यापासून लांब असलेली उंच वस्तू प्रत्यक्षापेक्षा खाली दिसते. समोरच्या तिरक्या कोनात गुडघा जवळ असतो आणि खुबा लांब, त्यामुळे खुबा खाली गेल्याचा भास होतो. मोबाइल त्याच्या गुडघ्याच्या उंचीला, बरोबर बाजूला ठेवला आणि त्याच वजनाचा स्क्वॉट पुन्हा घेतला. खुबा गुडघ्याच्या चांगला पाच-सहा सेंटिमीटर वर थांबत होता. तो पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सर, मला तर पूर्ण बसल्यासारखं वाटतंय की.”

त्याला तसं वाटत होतं हे खरंच होतं. वजन पाठीवर असताना शरीराला स्वतःची खोली कळत नाही, ती बाहेरूनच मोजावी लागते.

आधी काटा

त्याच्या जिमच्या मालकांनी मोकळेपणानं परवानगी दिली, म्हणून शेजारच्या धान्य दुकानातला प्लॅटफॉर्म काटा आणून आम्ही सगळं वजन करून घेतलं. सात फुटी रॉड सगळे २० किलोचा धरत होते, तो १५.६ किलो भरला. २० लिहिलेल्या आठ प्लेटी मिळून १६० व्हायला हव्यात, त्या १५३.८ भरल्या. म्हणजे त्याचा १८० किलोचा स्क्वॉट प्रत्यक्षात १६९.४ किलोचा होता, आणि तोही अपुऱ्या खोलीचा.

यात कुणी फसवलं असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक व्यायामशाळांमध्ये ओतीव लोखंडाच्या किंवा रबर चढवलेल्या प्लेटी असतात आणि रॉड फुटांच्या मापानं विकत घेतलेला असतो. तब्येत कमवायला त्यानं काही बिघडत नाही. पण स्पर्धेत उतरणाऱ्याला हा फरक महागात पडतो. आयपीएफच्या स्पर्धेतली प्लेट लिहिलेल्या वजनाच्या पाव टक्क्याच्या किंवा १० ग्रॅमच्या आत असावी लागते. रॉड २० किलोचा, दोन्ही कॉलर अडीच-अडीच किलोचे, म्हणजे मोकळा रॉडच २५ किलोचा होतो. १६५ साठी दोन्ही बाजूंना ७० किलो लागतात: दोन लाल, एक निळी. लाल प्लेट २५ ची, निळी २० ची. ते १६५ अगदी खरे १६५ असतात.

आता त्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नाकडे बघा. पहिला प्रयत्न असा असावा, जो ताप असताना, झोप झालेली नसताना, वाईटातल्या वाईट दिवशीही निघेल. मी साधारणपणे जे वजन तीनदा सहज निघतं ते पहिल्या प्रयत्नाला देतो. या मुलानं १८० च्या हिशेबानं १६५ म्हणजे ९२ टक्के धरले होते, कागदावर योग्यच. खऱ्या हिशेबानं ते साडेसत्त्याण्णव टक्के होतात. आमच्या तपासलेल्या प्लेटींवर, खोली पूर्ण धरून, त्याचा कमाल स्क्वॉट निघाला १३२.५ किलो. त्या स्पर्धेत त्यानं ११० लावला असता तरी तो बहुधा वरच थांबला असता, कारण बाहेरून कुणी सांगितल्याशिवाय त्याला स्वतःची खोली कळत नव्हती. तरीही खरं वजन ठाऊक असतं तर निदान दुसऱ्या प्रयत्नात डोकं शांत राहिलं असतं.

स्टँड, रॉड, बूट

त्याचा स्क्वॉट मी पहिल्यांदा त्याच्याच जिममध्ये बघितला, आणि बिघाड रॉड उचलायच्या आधीच सुरू होत होता. तिथला स्टँड वेल्डिंग केलेला, खाच एकाच उंचीला. ती उंची याच्यापेक्षा उंच माणसासाठी होती. रॉड खाचेतून काढायला त्याला चवड्यांवर उभं राहावं लागायचं. १५० किलो पाठीवर घेऊन चवड्यांवर, मग तसाच दोन पावलं मागे, आणि टाचा नीट टेकायच्या आत खाली. रॉड जमिनीवर घरंगळवून बघितला तर मधोमध हिसका देत होता, म्हणजे कायमचा वाकलेला. असा रॉड पाठीवर घेतला की तो स्वतःच्या वाकावर फिरून बसतो, आणि प्रत्येक सेटला त्याची जागा बदलते. मधली खरखरीत नक्षी झिजून गुळगुळीत झालेली, त्यामुळे घामानं तो खाली सरकायचा आणि सांभाळायला पोरगा मान पुढे काढायचा.

पायात जाड फोमच्या तळव्याचे पळायचे बूट, आणि बुटाखाली जोडून पसरलेल्या फोमच्या चटया. धावताना हादरा शोषायला केलेली वस्तू वजनाखाली दबते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. माणूस ज्या बाजूला थोडा कलतो, त्या बाजूला आणखी बुडतो.

नी-स्लीव्हबद्दल दोन शब्द. ते गुडघा गरम ठेवतात, खालून उठताना थोडा आधार देतात. नियमानुसार जाडी ७ मिलिमीटरपर्यंत चालते. या मुलानं दोन नंबर लहान घेतले होते, घट्ट असले की जास्त वजन निघतं असं ऐकून. ते चढवायला दोन मित्र लागायचे. इतकं घट्ट कापड गुडघ्यामागे गोळा झालं की ज्याला खोलीचीच अडचण आहे त्याला ते आणखी वर अडवतं. ते आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले.

घोटे मोकळे होते

घोटे आखडलेत या निदानावर तो दोन महिने रोज भिंतीला पाय लावून ताण देत होता. मी साधी चाचणी घेतली. भिंतीसमोर एक गुडघा जमिनीवर टेकून, पुढच्या पायाची टाच न उचलता त्याचा गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते मोजायचं. दहा सेंटिमीटरच्या आसपास आलं तर स्क्वॉटला पुरेसं असतं. याचं डाव्या पायाला १२ आलं, उजव्याला ११. मग त्याला म्हटलं, नुसता उकिडवा बस. बसला. टाचा पूर्ण जमिनीवर, पोट मांड्यांना टेकलेलं, हात सैल. “असं तर तासभर बसतो की सर. रानात जेवायला असंच बसतोय आम्ही.”

ज्याला असं बसता येतं त्याचे घोटेही मोकळे असतात आणि खुबेही. मग बारखाली काय होतं?

त्याला दहा बैठका मारायला सांगितल्या, तालमीत मारायचा तशा. पाय जवळजवळ, हात मागून पुढे झोका घेत, गुडघे पुढे, आणि खाली जाता जाता टाचा अलगद वर. तळाला सगळा भार चवड्यावर. तिथून उसळी मारून वर, टाचा पुन्हा खाली. लय इतकी देखणी की बघत राहावं. सात वर्षं, रोज शेकड्यांनी. त्याच्या शरीरासाठी ‘वजन घेऊन खाली बसणं’ म्हणजे हेच होतं. उकिडवं बसणं ही आरामाची गोष्ट होती, मेहनतीची नव्हती, आणि शरीरानं ती वेगळ्या खात्यात ठेवली होती. हात रॉडला लागला की बैठक सुरू.

बैठक चुकीची नाही, हे मला ठासून सांगायचंय. कुस्तीत पैलवानाला चवड्यांवरच राहावं लागतं. तिथून तो पुढे झेपावतो, मागे सरतो, दिशा बदलतो. पायातली चपळाई आणि दम बैठकीनंच येतो. पण बैठकीत पाठीवर काही नसतं. ७३ किलोच्या माणसाच्या खांद्यावर १५० किलो आले की दोघांचा मिळून तोल बारच ठरवतो, आणि तो बार पावलाच्या मधोमध राहावा लागतो. टाचा उचलल्या की उभं राहायची जागा म्हणजे चवड्याची चार बोटं रुंद पट्टी. बार त्या पट्टीच्या जरा पुढे गेला की शरीर पुढे कोसळणार. अशा वेळी शरीर खाली जाणं थांबवतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. पोरगा थांबत होता तो पायात जोर नव्हता म्हणून नव्हे. आणखी खाली गेलं तर तोंडावर पडू, हे त्याच्या शरीरानं ओळखलं होतं. गंमत म्हणजे स्पर्धेत टाचा हलणं हा काही दोष नाही, पाऊल टाच-चवड्यावर झुलायला नियमात मुभा आहे. त्यामुळे एकाही पंचानं त्याला टाचांबद्दल काही सांगितलं नाही. त्यांनी परिणाम बघितला आणि लाल दिवा दाबला.

काय बदललं

बूट विकत घ्यायला लागले नाहीत. त्याचे कुस्तीचे बूट घरी पडून होते: पातळ, सपाट, घोट्यापर्यंत बांधलेले. बारबेलखाली ते उत्तम चालतात. टाच उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूटही पुष्कळांना उपयोगी पडतात, पण ज्याचे घोटे मुळात मोकळे आहेत आणि ज्याला टाच जमिनीवर असल्याची जाणीव शिकायची आहे, त्याला सपाट तळवाच हवा. चटया उचलल्या, खाली प्लायवूड टाकलं. स्टँडची उंची छातीच्या मध्याला, म्हणजे रॉड काढताना गुडघे किंचित वाकलेले आणि तळवे पूर्ण टेकलेले.

खोलीची खूण म्हणून घरचे लाकडी पाट वापरले. दोन पाट आणि वर प्लायवूडचा तुकडा, मिळून ३३ सेंटिमीटर. त्याच्या उंचीला तिथे ढुंगण नुसतं टेकलं की खुबा गुडघ्याच्या खाली गेलेला असायचा. बसायचं नाही, भार टाकायचा नाही, स्पर्श झाला की वर. पहिले दोन आठवडे ६० किलोच्या वर गेलोच नाही. तीन मोजत खाली, तळाला दोन मोजत थांबायचं, मग वर. थांबण्यानं बैठकीची उसळी मोडते. १८० चा स्क्वॉट सांगणाऱ्या पोराला चार जणांसमोर ६० वर थांबून राहायला लावणं सोपं नसतं. तालमीत वाढलेला म्हणून त्यानं ऐकलं. वस्तादांनी सांगितलं की करायचं, का ते नंतर कळतं, ही शिस्त त्याच्या अंगात होती.

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, चवडे बाहेरच्या बाजूला. गुडघे चवड्यांच्याच दिशेनं. मी एकच सूचना देत राहिलो: टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, तिन्ही जमिनीला दाबून ठेव. चार सूचना एकदम दिल्या तर वजनाखाली एकही आठवत नाही.

बार पाठीवर कुठे ठेवायचा यावर आमच्यातच मतभेद झाला. पॉवरलिफ्टिंगमध्ये लो-बार, म्हणजे बार मानेच्या खाली, खांद्याच्या पाठीमागच्या स्नायूंवर, हा बहुतेकांचा कल असतो. त्यात खुब्याला जास्त काम मिळतं आणि बहुतेकांचं काही किलो जास्त निघतं. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, पहिल्यापासून तेच शिकवू. पण लो-बारसाठी खांदा बराच मागे फिरावा लागतो, आणि याचा उजवा खांदा दोनदा निखळलेला. दुसरं, बैठकांमुळे त्याचं धड सरळ ठेवून खाली जायचं कौशल्य तयार होतं. सरळ धडाला हाय-बार, मानेच्या खालच्या मांसल भागावर, जास्त साजेसा. आम्ही हाय-बार ठेवला. पुढे खांदा सुधारला तर बघू. स्पर्धा आकड्यांची असली तरी ज्या खांद्यानं एक खेळ सोडायला लावला त्याच्यावर दुसऱ्या खेळाची पैज लावायला मी तयार नव्हतो.

श्वासाचं प्रकरण अनपेक्षित होतं. बैठकीत श्वास लयीत चालतो आणि तो खाली जाताना सोडत होता. जड वजनाखाली श्वास सोडत जाणं म्हणजे मधला आधारच काढून घेणं. पोटात श्वास भरायचा, कोंडायचा, खाली जाऊन वर येताना अवघड टप्पा ओलांडला की सोडायचा. बेल्ट तो पोट आत ओढून करकचून बांधायचा. आम्ही एक भोक सैल केला आणि पोट बाहेर, बेल्टवर दाबायला शिकवलं. १० सेंटिमीटर रुंद बेल्ट त्यासाठीच असतो, पोटाला ढकलायला काहीतरी मिळावं म्हणून. इथे एक सावधगिरी: श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी बराच चढतो. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा हर्नियाचा त्रास असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आठवड्याला तीन दिवस. सोमवारी पाच-पाचचे सेट, गुरुवारी तळाला थांबून तीन-तीन, शनिवारी हलका फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार पुढून खांद्यांवर घेऊन, कारण त्यात टाच उचलली की बार लगेच पुढे घरंगळतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. वाढ अडीच किलोनं. सहाव्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. पूर्ण खोलीची सवय नव्हती आणि आम्ही १०० ते ११७.५ लवकर गेलो होतो. सेट निम्मे केले, खाली जाण्याचा वेग आणखी कमी केला, शनिवार काढून टाकला. तीन आठवड्यांत दुखणं गेलं. वजन त्या काळात वाढलं नाही, पण सवय मुरली. अकराव्या आठवड्यापासून पाट काढले तरी तो त्याच उंचीला जाऊन यायला लागला.

खुराक आणि डबे

आला तेव्हा महिन्याला गेनर, व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर), बीसीएए (अमिनो आम्लांची पावडर), प्री-वर्कआउट (सरावाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर) आणि टेस्टोस्टेरॉन वाढवतो म्हणणाऱ्या गोळ्या असं सगळं चालू होतं. घरी दोन म्हशी. वडिलांनी दूध डेअरीला घालून आलेल्या पैशातून पोराला गेनर घेऊन दिला होता. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. गेनरच्या डब्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे स्टार्चपासून काढलेली पिठूळ साखर, आणि त्यात थोडी प्रथिनं. ज्याला ७४ च्या गटात राहायचंय त्याला त्याची गरज काय?

हिशेब केला. ताकदीच्या व्यायामासाठी शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात; बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष साधारण तिथेच येतो. ७३ किलोला ते होतात ११७ ग्रॅम. घरच्या एक लिटर म्हशीच्या दुधात जवळपास ३८, चार अंड्यांत २४, दिवसभराच्या ज्वारीच्या भाकरीत ३० च्या आसपास, आमटी-उसळीत १४, मूठभर शेंगदाण्यांत १०. इथेच ११६ झाले. बुधवार, शुक्रवार, रविवारी कोंबडी किंवा मटण, म्हणजे त्या दिवशी प्रश्नच नाही. अडचण होती ती श्रावणाची. आमच्या चौदा आठवड्यांत श्रावण येत होता आणि घरी अंडीही बंद. त्या महिन्यात सोयाबीनच्या वड्या, हरभरा, पनीर आणि व्हेचा एक स्कूप. सोयावडीत १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रथिनं असतात, आणि किंमत डब्याच्या पासंगालाही पुरत नाही.

व्हे वाईट नाही, ते दुधाचंच. पण कुठलं घेतो ते बघावं लागतं. प्रथिनं मोजायची रूढ पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळलं तरी नायट्रोजन वाढतो आणि लेबलवरचा आकडा फुगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या बहुसंख्य डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला नाही. म्हणून स्पर्धेतल्या मुलांना मी घटकांची यादी वाचायला लावतो आणि प्रत्येक खेपेच्या स्वतंत्र तपासणीचा शिक्का असलेलाच डबा घ्यायला सांगतो.

एकच पूरक पदार्थ मी स्वतःहून सुरू केला: क्रिएटिन मोनोहायड्रेट, साधं, रोज ५ ग्रॅम. ज्या थोड्या गोष्टींवर भरपूर आणि एकमेकांशी जुळणारं संशोधन आहे त्यात ते येतं. स्नायूत पाणी धरल्यानं वजन किलो-दीड किलो वाढू शकतं, म्हणून ७४ च्या गटासाठी आधीच मोजमाप ठेवलं. दुसऱ्या महिन्यात कॉलेजच्या कसल्याशा तपासणीत त्याचं क्रिएटिनिन (रक्तातला, किडनीच्या कामाचा अंदाज देणारा आकडा) किंचित जास्त आलं आणि घर हादरलं. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिनच होतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही हा आकडा थोडा वर दिसू शकतो. पण हे मी ठरवणं योग्य नव्हे. क्रिएटिन थांबवलं, डॉक्टरांना डबा दाखवला, त्यांनी काही दिवसांनी पुन्हा तपासणी केली, आकडा नेहमीसारखा आला, आणि त्यांच्या होकारानंतरच पुन्हा सुरू केलं. रक्ततपासणीला जाताना क्रिएटिन घेतो हे सांगायला विसरू नका.

बाकी सगळे डबे बंद केले. प्री-वर्कआउटवर घटकांचं मिश्रण लिहिलेलं होतं, प्रत्येकाचं प्रमाण नव्हतं. जे मोजता येत नाही ते माझ्या मुलांनी घेऊ नये. सरावाआधी तो आता कपभर कोरी कॉफी घेतो.

आणि एक गोष्ट आवाज चढवून सांगायची. जुन्या जिमच्या आवारात कुणीतरी त्याला इंजेक्शन देऊ केलं होतं, “एका शॉटमध्ये वीस किलो वाढतील” म्हणून. ते मेफेंटरमिन. शस्त्रक्रियेच्या वेळी कोसळलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर ते वापरतात. निरोगी पोरानं ते टोचून १५० किलोखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवाय ते वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत आहे, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, कुणी दिलं, काय सांगून दिलं याला अर्थ नाही. त्यानं ते घेतलं नव्हतं. का नाही घेतलं विचारल्यावर म्हणाला, “वस्तादांना कळलं असतं तर तालमीत पाऊल ठेवू दिलं नसतं.” औषधांबद्दलची कुठलीही व्याख्यानं या एका धाकापुढे कमी पडतात, असं माझं मत आहे.

पुन्हा स्पर्धा

चौदाव्या आठवड्यानंतर निमंत्रितांची एक स्पर्धा होती. वजन घेतलं तेव्हा ७३.६. वजनाच्या वेळीच स्क्वॉटच्या रॅकची, म्हणजे स्टँडची, उंची नोंदवायची असते. मागच्या वेळी त्यानं मित्राचाच आकडा सांगून टाकला होता. या वेळी मोकळ्या वेळेत रॅकखाली उभा राहून, कुस्तीचे बूट घालून, एक-एक खाच बदलून त्यानं स्वतःचा आकडा शोधला.

पहिला प्रयत्न १४२.५. सरावात तो तीनदा निघालेला. तिन्ही दिवे पांढरे. दुसरा १५२.५, दोन पांढरे, एक लाल. तिसऱ्याला त्याला १६५ हवे होते, मी १६० लिहून दिले. खोली भरपूर गेली, तळातून निघाला, मध्यावर अडकला आणि स्पॉटर्सनी, म्हणजे बाजूला उभ्या मदतनिसांनी, वजन घेतलं. त्याचा चेहरा उतरला, पण मी व्हिडिओ बघून समाधानी होतो: टाचा शेवटपर्यंत जमिनीवर होत्या, आणि अडला तो जोर संपल्यामुळे. यावर सरावानं उपाय करता येतो. बेरीज लागली, गटात चौथा आला.

दुसऱ्या प्रयत्नातला लाल दिवा डाव्या बाजूच्या पंचांचा होता. व्हिडिओ थांबवून बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. उजवा खांदा पूर्ण मागे जात नाही, म्हणून बार उजवीकडे किंचित खाली बसतो आणि तळाला डावा खुबा जरा वर राहतो. आता आठवड्यातून दोन दिवस खांद्याचं काम चालू आहे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आणि सरावात समोर आरशाऐवजी पाठीमागून मोबाइल लावतो, बार आडवा राहतो का ते बघायला. पुढची स्पर्धा थंडीत आहे. पहिला प्रयत्न १५० ठरलाय, तोही डाव्या बाजूनं घेतलेले व्हिडिओ सलग चार आठवडे नीट आले तर.